वनस्पतिशास्त्राला वीस नावं

आमच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्राचा मेजर बंद पडायच्या बेताला आला, त्याला कारण मी. हे लिहिताना लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर जरासा अभिमानही वाटतो. आमच्या घरात आजवर कुणामुळे काही बंद पडलेलं नाही. मुळात कॉलेजात जाणारीच मी पहिली.

आधी आमची फॉर्म भरायची पद्धत सांगायला हवी. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली श्रीगोंद्याच्या आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात. घरी फॉर्म वाचून ‘इथं हे लिही, तिथं ते लिही’ असं सांगणारं कुणी नसतं. रकाने इंग्रजीत असतात, सूचना बारीक अक्षरांत असतात, आणि चुकलं तर खिडकीतले क्लार्क फॉर्म परत सरकवताना आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणून एक मुलगी आधी भरते आणि बाकीच्या तिचं बघून भरतात. पहिल्या बाकावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असा फॉर्म मागे मागे जातो. अकरावीपासून ती पहिली मुलगी मी होते. हुशार म्हणून नाही. माझं अक्षर लांबून वाचता येतं आणि खाडाखोड झाली की मला रडू येतं म्हणून मी जपून लिहिते, एवढीच माझी पात्रता. एका शिबिराच्या फॉर्मवर आमच्या रांगेतल्या सगळ्या मुलींचा रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, “तुम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी का?” शेवटच्या बाकावरच्या एकीने तर आईच्या नावाच्या रकान्यात माझ्या आईचं नाव उतरवलं होतं.

त्यावर आम्ही खूप हसलो. पद्धत बदलावी असं मात्र कुणाला वाटलं नाही.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला तीन विषय होते. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मेजर निवडायचा, म्हणजे पदवी त्यात. दुसरा मायनर, म्हणजे तोंडी लावायला.

मला वनस्पतिशास्त्र आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याच्या मुलीने ‘मला झाडं आवडतात’ म्हटलं की लोक सरळ खुरपं हातात देतात. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी मक्याच्या कोवळ्या खोडाची चकती ब्लेडने इतकी पातळ कापायला सांगितली की तिच्यातून वहीतलं अक्षर दिसावं. माझ्या पहिल्या बारा चकत्या भाजीला चालल्या असत्या. तेरावी जमली. ती तांबड्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर आत चेहरेच चेहरे. दोन मोठे डोळे, खाली उघडं तोंड. प्रत्येक चेहरा म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, असं मॅडमनी सांगितलं. ज्या मक्याची वैरण मी लहानपणापासून डोक्यावर वाहिली तिच्यात एवढी मंडळी बसली होती आणि मला कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी बोटांना लागलेला तांबडा रंग चार दिवस गेला नाही. आईला वाटलं मी नखं रंगवायला लागले.

मग मी घरी ज्ञान पाजळू लागले. कांद्यात खुरपताना आईला म्हणाले, “आई, हा लव्हाळा आहे ना, हे गवत नाही. याची काडी तीन कोनांची असते. गवताची गोल असते.”

आईने हातातला लव्हाळा उलटसुलट बघितला. “बरं, गवत न्हाई. मंग उपटू का ठिवू?”

“उपट.”

“मंग येवढं कशाला सांगितलं?”

मी पुढच्या लव्हाळ्याला हात घातला.

आमच्या घरात शिक्षणाबद्दल शेवटचा शब्द काकांचा. ते नागापूरच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत आहेत आणि गळ्यात ओळखपत्र घालणारे आमच्यातले ते एकटेच. सुट्टीला गावी आले तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

“केमिस्ट्री,” काका म्हणाले. “आमच्या कंपनीत केमिस्ट्रीवाल्या पोरी एसीत बसत्यात. बॉटनीवाली सगळ्या कंपनीत एक हाय.”

“ती काय करते?” मी विचारलं.

“लॉनला पानी घातलं का न्हाई, ते बघती.”

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. मी सहसा मान हलवतेच. बसमध्ये कंडक्टरने ‘सुट्टे हायेत का’ विचारलं तरी आधी मान हलवते आणि मग पर्स उघडते. आप्पांनी पालकाच्या जागी सही केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पसंती क्रमांक एकला रसायनशास्त्र लिहिलं, दोनला वनस्पतिशास्त्र. मनाशी मी एक युक्ती काढली होती. वनस्पतिशास्त्र बाकीच्या घेतीलच, विभाग चालू राहील, आणि मायनरच्या निमित्ताने मी तिथे जात राहीन. काका खूश, मी खूश. या हुशारीवर मी स्वतःच इतकी खूश होते की नेहमीच्या सवयीने फॉर्म मागे दिला. तो अकरा जणींच्या हातांतून फिरून तासाभराने माझ्याकडे परत आला.

आठ दिवसांनी सूचना लागली. ज्या विषयाला वीसपेक्षा कमी पसंती आहे त्याचा मेजर चालवता येणार नाही. रसायनशास्त्राला वर्ग पुरणार नाही इतकी नावं होती, प्राणिशास्त्र काठावर तरलं होतं, आणि वनस्पतिशास्त्रापुढे लिहिलं होतं आठ. अंतिम निर्णय पुढच्या शनिवारी. तोवर पालकाची नवी सही आणून पसंती बदलता येईल.

मी प्रयोगशाळेत गेले. मॅडम बेसिनपाशी काचपट्ट्या धूत होत्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवत. जेवढे तास तेवढंच काम, आणि विषयच गेला तर त्यांचं कॉलेजही गेलं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्या ते कधीच बोलत नसत.

“आठ म्हणजे कमीच आहेत,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्यासारख्या आठजणी आहेत, हेही कमी नाही.”

मी मान हलवली.

त्या आठांत मी नाही, हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी ओल्या काचपट्ट्या पुसायला घेतल्या. पुसता पुसता बेरीज केली. आठ तिकडच्या. माझ्या रांगेतल्या अकरा, आणि मी. गणितात मी कच्ची आहे, पण ही बेरीज दर वेळी वीसच येत होती.

आता यावर सरळ उपाय होता. आपला फॉर्म बदलायचा आणि मैत्रिणींना खरं सांगायचं. मी तो सोडून सगळे केले.

आमच्या गावात कुठलंही अडलेलं काम निवेदनाने होतं. विजेचा डीपी जळाला, निवेदन. एसटी थांबत नाही, निवेदन. मी दोन पानी निवेदन लिहिलं. ‘वनस्पतिशास्त्र हा विषय ग्रामीण भागाचा प्राण असून’ अशी सुरुवात होती. ते वाक्य मला फार आवडलं होतं. खाली सह्यांसाठी रेघा मारल्या आणि सकाळी साडेसहाला दूध संकलन केंद्रावर जाऊन उभी राहिले. माणसं किटली खाली ठेवत, काट्यावर दूध घालत, पावती घेत आणि माझ्या कागदावर सही करत. कुणी एक प्रश्न विचारला नाही. एक म्हातारे सही करून म्हणाले, “चांगलं काम करती बाय, कुनी तरी बोलायलाच पायजे हुतं.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तासाभरात एकशे चौदा सह्या झाल्या. आपलं गाव विज्ञानाच्या एवढं जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्यात शेवटी सदस्यांनी सही केली. ते फार पूर्वी एकदा ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि गाव त्यांना अजून त्याच नावाने हाक मारतं.

“कवा देनार निवेदन?” त्यांनी विचारलं.

“आज. कॉलेजात जाताना.”

“येकटी? निवेदन येकटीनं देत न्हाईत पोरी, माघारी लावत्यात. मी येतो संगं.”

मी तेव्हाही मान हलवली.

सदस्य बसथांब्यावर आले ते पांढऱ्या टोपीत, हातात शाल आणि नारळाची पिशवी घेऊन. मी म्हणाले, “अहो, हे कशाला?” ते म्हणाले, “सायबाकडं रिकाम्या हातानं जात्यात व्हय?” प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी प्राचार्यांना शाल घातली. प्राचार्यांनाही चैन पडेना. त्यांनी कपाटातून कॉलेजची शाल काढून सदस्यांना घातली. इकडचा नारळ तिकडे, तिकडचा इकडे. शिपायाने सदस्यांच्या मोबाईलवर फोटो काढला. मी दोघांच्या मध्ये उभी होते, पण नेमकी बॅगेतून निवेदन काढायला वाकले, त्यामुळे फोटोत माझी वेणी तेवढी आली.

प्राचार्यांनी निवेदन वाचलं. “छान लिहिलंय. अक्षर तर सुंदर.” मग त्यांनी पान उलटलं आणि सह्यांवरून बोट फिरवत थांबले. “हे काय? सही आहे, आणि पुढे कंसात ‘तीन एकर ऊस, टेलला पाणी पोचत नाही.’”

त्यांनी बोट पुढे सरकवलं.

“आणि हे. ‘मागच्या पाळीला आमचा नंबर चुकवला, चौकशी व्हावी.’”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्याचे दिवस. सगळं गाव कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेलं. धरणातून पाणी कधी सुटतंय यावर उभा ऊस जगायचा होता. त्या आठवड्यात आमच्या गावात रेघा मारलेला कुठलाही कागद पाण्यासाठीच असणार होता. वरचा मजकूर वाचायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

सदस्य मात्र डगमगले नाहीत. खाकरून म्हणाले, “सायेब, विषय पान्याचाच हाय. झाडाला पानी लागतंच की.”

प्राचार्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ते हसत होते, पण मला वाईट वाटू नये अशा बेताने हसत होते. मग म्हणाले, “बाळ, ह्या एकशे चौदा जणांतले वर्गात किती बसणार? मला गावकऱ्यांच्या सह्या नकोत, मुलांची पसंती हवी. बारा नावं कमी आहेत. तुझ्याबरोबर आणखी कोण कोण यायला तयार आहे, ते बघू.” त्यांनी क्लार्कला फॉर्म घेऊन बोलावलं आणि शेजारच्या इमारतीतून मॅडमनाही बोलावून घेतलं.

मॅडम दारात उभ्या राहिल्या तेव्हा क्लार्क आठ नावं वाचत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “हिचं नाव यात नाही, सर.”

“नीट बघा.”

त्यांनी दुसरा गठ्ठा चाळला. “हे काय. रसायनशास्त्र. पसंती क्रमांक एक.”

सदस्यांनी आधी फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“म्हंजी?” ते म्हणाले. “ज्या घरात आपन सवता नांदायचं न्हाई, त्या घराचं स्थळ लोकाच्या लेकीला दावती व्हय गं तू?”

मला वाटलं मॅडम रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “तुला रसायनशास्त्र आवडत असेल तर ते घे. चांगला विषय आहे.” आणि तास आहे म्हणून निघून गेल्या. त्या वेळी त्यांना तास नव्हता. मॅडमचं वेळापत्रक मला पाठ आहे.

सदस्यांनी बसमध्ये बसल्या बसल्या फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आवर्तन तातडीने सोडणेबाबत प्राचार्य साहेबांना निवेदन देताना’. प्राचार्य आणि आवर्तन यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. आणि वेळापत्रकाप्रमाणे दोन दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं, तेव्हा गावाने त्याचं श्रेय मला दिलं. आयुष्यात मी यशस्वी केलेली ही एकमेव चळवळ.

पाणी आलं त्या दुपारी आप्पा उसाच्या सरीत पोटरीभर चिखलात उभे राहून दारं मोडत होते. मी बदलाचा फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावर उभी राहिले. काय बोलायचं ते मी पाठ करून आले होते, त्यातलं पहिलं वाक्यच विसरले.

“आप्पा, मला सही पाहिजे. विषय बदलायचाय.”

“का? झेपंना का?”

“झेपतो. पण मला वनस्पतिशास्त्र घ्यायचंय.”

त्यांनी फावड्याने एक दारं बुजवलं, पुढचं उघडलं. पाणी वळलं. “मंग त्या दिशी केमिस्ट्री का लिव्हली?”

“काका म्हणाले म्हणून.”

“आन् मी सही का केली?”

“मी मान हलवली म्हणून.”

“बरोबर. तू मान हालवली म्हनून मी सही केली. काका बोलला म्हनून तू मान हालवली. आन् काका का बोलला, तर मी त्याच्याफुडं कागद ठिवला म्हनून.” ते फावड्याला टेकले. “तिघंबी येकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो. शिकनार कोन हाय, ते कुनी इचारलंच न्हाई.”

“पण नोकरीचं माहीत नाही, आप्पा. मिळेल का नाही.”

“केमिस्ट्रीत मिळती, हे म्हाईत हाय का?”

“काका म्हणतात.”

“काका!” आप्पा म्हणाले आणि हसले. मग हात पँटीला पुसले, मला पाठमोरं उभं केलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. सही करता करता म्हणाले, “पर मला येक सांग. तुला त्यातलं काय आवडतं?”

मी त्यांना मक्यातल्या चेहऱ्यांचं सांगितलं. पाठमोरीच होते, म्हणून सांगता आलं. त्यांनी कागद परत पिशवीत घातला. मग म्हणाले, “उसात बी असत्यात का?”

“असतात.”

“बरं,” ते म्हणाले आणि पायाखालच्या सरीकडे जरा जपून बघत पुढे सरकले.

आता रांगेतल्या अकरा मुली. त्यांच्यासाठी मी भाषण तयार केलं होतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांना बसवून घेतलं आणि ऑक्सिजनपासून सुरुवात केली.

“ऑक्सिजन केमिस्ट्रीत बी हाय,” तिसऱ्या बाकावरची म्हणाली.

मी रोपवाटिका, माती परीक्षण, ऊस संशोधन असं सगळं एका दमात सांगितलं. त्यातलं अर्धं मी आदल्या दिवशी मोबाईलवर वाचलं होतं. त्या ऐकत होत्या, पण डबे खाता खाता.

“आन् तू सवता केमिस्ट्री घिऊन आमाला गवतात ढकलती का गं?” शेवटच्या बाकावरचीने विचारलं.

“मी बदलला फॉर्म.” मी तो बॅगेतून काढून दाखवला.

डबे बंद झाले. माझ्या भाषणाने जे झालं नाही ते एका कागदाने झालं. कुणी तरी ऑफिसातून कोरे फॉर्म आणले आणि माझा फॉर्म पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर निघाला.

मी हात आडवा घातला. “अगं, असं नको. नीट विचार करा. घरी विचारा.”

“तू केलास ना इचार?”

“केला, पण तो माझ्यापुरता—”

“मंग बास की. सरक जरा, दिसंना.”

मला हवं तेच होत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच पद्धतीने मी त्यांना रसायनशास्त्रात नेलं होतं, आता तितक्याच सहज बाहेर काढत होते. दहा जणींनी फॉर्म भरले. शुक्रवारी पालकांच्या सह्याही आल्या; एकीच्या वडिलांनी तर निरोप पाठवला, की कॅनॉलला पाणी आणणारी मुलगी म्हणते तर बरोबरच असेल.

अकरावी माझी बसमधली मैत्रीण. आम्ही रोज एका सीटवर बसून येतो. तिने फॉर्म भरला नव्हता. शुक्रवारी परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “तुझा राहिला का?”

“राहिला नाही. मी केमिस्ट्रीच ठेवणारे.”

“का?”

“मला आवडते.”

“कधीपासून?”

“तुझं बघून भरली तेव्हापासून.” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “म्हटलं आता घेतलीच आहे तर बघू तरी काय आहे. लायब्ररीतून पुढच्या वर्षाचं पुस्तक आणलं. आणि ते टायट्रेशन असतं ना, एक थेंब जास्त पडला की सगळं भडक गुलाबी होतं, तुमचं सगळ्यांचं होतं, माझं होत नाही. मला त्या थेंबाच्या आधी थांबता येतं.”

मला आठवलं, प्रॅक्टिकलला तिचा फ्लास्क कायम जेमतेम गुलाबी असायचा आणि मी कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

तिचं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले, “म्हणजे एकोणीस. तुझ्या एका थेंबापायी मॅडमचं काम जाणार.”

कारखान्याच्या फाट्यापासून आमच्या थांब्यापर्यंत आम्ही दोघी पुढच्या सीटच्या पाठीवर कोरलेली नावं वाचत होतो. उतरायच्या आधी ती म्हणाली, “दे तो कोरा फॉर्म. भरते मी. तुझ्यासाठी भरते.”

फॉर्म माझ्या बॅगेत होता. वरच्याच कप्प्यात. मी चेनला हात लावला आणि तसाच ठेवला.

“संपलेत,” मी म्हणाले.

हे मी मोठ्या मनाने केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण तेवढ्यात बस थांबली होती, मागचे लोक ढकलत होते, आणि ही पुढची दोन वर्षं रोज एका सीटवर बसून मला ऐकवणार, हेही डोक्यात आलं होतं. चांगुलपणा त्यात होता, पण किती होता ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

शनिवारी एकोणीस नावं झाली. समितीची बैठक दुपारपर्यंत चालली. आम्ही जिन्यावर बसून होतो. मॅडम प्रयोगशाळेत होत्या. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

“आत ये. ओल्या काचपट्ट्या पडल्यात.”

मी पुसायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, “मॅडम, मी त्या दिवशी खोटं बोलले.”

“बोललीस कुठे? नुसती मान हलवलीस.”

“तेच.”

“ते कमी कर,” त्या म्हणाल्या. “मानेलाही वाईट असतं.”

चार वाजता सूचना लागली. एका नावाची सवलत देऊन वनस्पतिशास्त्राचा मेजर चालू तुकडीपुरता सुरू राहील. पुढील वर्षापासून हा विषय मेजर म्हणून दिला जाणार नाही. म्हणजे आम्ही एकोणीस जणी शेवटच्या. आम्ही वर चढत जाऊ तसे खालचे वर्ग रिकामे होत जाणार, आणि मॅडमचे तासही तसतसे कमी होणार. मॅडमनी सूचना दोनदा वाचली. म्हणाल्या, “चला, तुम्ही पदवी घेईपर्यंत तरी आहे.” मग आम्हाला घरी पाठवून त्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची यादी करायला बसल्या.

मला आनंद करावा की काय करावं ते कळेना. मैत्रिणी मात्र मोकळ्या होत्या, शेवटच्या बाकावरची म्हणाली, “शेवटची बॅच म्हंजी आपल्याला नापास करनार न्हाईत. पुन्यांदा परीक्षा कुनाबरूबर घेनार?” माझी बसमधली मैत्रीण थांब्यावर उभी होती. बस आल्यावर तिने माझ्यासाठी सीट धरली.

घरी आले तेव्हा आप्पा मोटारसायकल पुसत होते. मी त्यांना सूचना शब्दशः सांगितली.

“म्हंजी राह्यलं का गेलं?”

“आमच्यापुरतं राहिलं. आमच्यामागं गेलं.”

त्यांनी फडकं झटकलं. “मंग पेढं आनायचं का न्हाई?”

मी खूप विचार केला. मान हलवायची नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे कठीणच जात होतं. शेवटी म्हणाले, “मला नाही सांगता येत, आप्पा.”

त्यांनी मोटारसायकल सुरू केली आणि गेले. आमच्या घरात पास झाल्याचे, गाय व्यायल्याचे, सगळ्याचे पेढे अर्धा किलोच येतात. आप्पा परत आले तेव्हा हातात लहानसा खोका होता. आईने तो उघडून बघितला.

“येवढंच?”

“बातमीबी येवढीच हाय,” आप्पा म्हणाले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.